समुद्राने सोडलेला मुलूख

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील रॉम्नी मार्श हा मेंढ्यांच्या कुरणांचा व पाण्याच्या चरांचा सखल प्रदेश होय. राई या टेकडीवरील गावाहून सकाळी सायकलीने निघालेला प्रवासी सायंकाळी तेथेच परत येऊ शकतो. वाटेत चढ जवळजवळ नाहीच. मात्र समुद्रवारा समोरून सुटला, तर हीच सपाट वाट घाटाहून जड जाते.

न्यू रॉम्नी येथे अवश्य उतरावे. हे एके काळचे नामांकित बंदर. इ. स. १२८७ च्या वादळात येथे गाळाचे थर साचले, रॉदर नदीने राईची वाट धरली आणि बंदर नष्ट झाले. तेथील पुरातन चर्चमध्ये आजही पायऱ्या उतरून जावे लागते. भोवतालची जमीन तेवढी वर चढली आहे! आतील खांबांवर त्या गाळाचे डाग अद्याप दिसतात.

पुढे डिमचर्चचा सागरी बांध लागतो. भरतीच्या वेळी बांधापलीकडचे पाणी अलीकडच्या शेतांहून उंच असते. म्हणूनच त्याच्या डागडुजीसाठी येथील जमीनधारक शतकानुशतके कर भरीत आले.

परतताना ॲपलडोरपासून राईपर्यंतचा रस्ता एका कालव्याच्या काठाने जातो. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने तो १८०४ ते १८०९ या काळात खोदला गेला. शत्रू आलाच नाही. कालवा मात्र आजही मार्शचे पाणी वाहून नेत आहे.