पूररेषा जुनी, पाऊस नवा

पर्यावरण आघात मूल्यांकन म्हणजे मोठा रस्ता, धरण किंवा कारखाना उभा राहण्याआधी त्याचे हवा, पाणी, जमीन आणि माणसांवर होणारे परिणाम तपासण्याची कायदेशीर पद्धत. भारतात ते १९९४ पासून बंधनकारक आहे. सध्याची मूळ अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ची. प्रकल्प पर्यावरणाचे काय करील, यावर तिचा सगळा भर आहे. बदलते हवामान त्या प्रकल्पाचे आणि आसपासच्या वस्तीचे काय करील, या उलट्या प्रश्नाला तिच्यात ठळक जागा नाही. युरोपीय संघाने २०१४च्या निर्देशात तो प्रश्न घातला.

हा विषय मुंबईसारख्या किनारी शहरांचा मानला जातो, पण समुद्रापासून दूरच्या कोल्हापूरलाही तो तितकाच लागू आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचे पाणी घेऊन पंचगंगा शहराला वळसा घालते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात ‘पाणी किती फुटांवर?’ हे घराघरांत विचारले जाते. ऑगस्ट २०१९मध्ये ते ५५ फुटांवर गेले; दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, ५६ फुटांपर्यंत. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला.

राज्यात निळी पूररेषा २५ वर्षांतून आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखतात. हा हिशेब मागच्या नोंदींवर उभा आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून अतिवृष्टीचा जोर वाढतो आणि ‘शंभर वर्षांचा पूर’ लवकर परतू शकतो. त्यात बहुतेक प्रकल्पांच्या आघात मूल्यांकनासाठी पायाभूत मोजणी एकाच हंगामाची, तीही पावसाळा वगळून, पुरेशी धरली जाते. पूरक्षेत्रातला भराव किती पाणी अडवील, मोऱ्या पुरतील का, हे उन्हाळ्यातल्या मोजणीत दिसत नाही. शिवाय प्रत्येक भराव सुटा तपासला, तर सगळे मिळून नदीची किती जागा खातात हे कुणाच्याच अहवालात येत नाही.

म्हणून मूल्यांकनात २०१९ व २०२१ची पातळी, पुढच्या काही दशकांच्या पावसाचे अंदाज आणि संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार सक्तीचा हवा. २००६च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे, पण अनेक मोठ्या प्रकल्पांना सुनावणी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, अहवालाचा सारांश मराठीत मिळतो आणि हरकत लेखी देता येते. पूरपट्ट्यातल्या रहिवाशांनी तिथे आपल्या भिंतीवरची पुराची खूण पुराव्यासह नोंदवावी.