मोगरा, जाई आणि माझी टाच

मे महिन्याच्या सुट्टीत मी तांबरमला घरी होतो. बाबा हवाई दलात असल्यामुळे दर तीन-चार वर्षांनी आमचे घर बदलते. सध्या ते तांबरमच्या तळावरील क्वार्टर्समध्ये आहे. शाळा उघडताच क्रॉस कंट्रीसाठी हाउसची निवड होणार होती, म्हणून मी रोज पहाटे नवे बूट घालून धावत होतो. चौथ्या दिवशी उजव्या टाचेला मोठा फोड आला आणि फुटला. बाबांना सांगितले तर धावणे बंद होणार, म्हणून फक्त आजीला सांगितले. आजी वाईची. ती म्हणाली, "जखमेला जाईचं तेल चांगलं रे." मी बाजारातून ‘जास्मिन’ असे लिहिलेली छोटी बाटली आणली आणि तेल थेट जखमेवर लावले.

टाचेची आग आग झाली. सकाळी टाच सुजून लाल झाली होती आणि भोवती पुरळ उठले होते. मग बाबांपासून लपवणे शक्यच नव्हते. डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि सांगितले, की हे वासाचे तेल आहे, उघड्या जखमेवर लावायचे नाही. आजीने कपाळाला हात लावला. "अरे, मी जात्यादि तेल म्हणत होते! त्यात जाईचा पाला असतो. तू अत्तर चोपडलंस!"

दहा दिवस धावणे बंद झाले. त्या दिवसांत मी या फुलांची माहिती गोळा केली. ती मित्रांना उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

पहिली गोष्ट नावांची. ‘जास्मिन’ हे एका फुलाचे नाव नाही, ते सगळ्या कुळाचे नाव आहे. आपला मोगरा म्हणजे संस्कृत मल्लिका, तमिळ मल्लि. मदुराईच्या मल्लिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जाई म्हणजे संस्कृत जाती, हिंदीत चमेली. जुई म्हणजे तमिळ मुल्लै. प्राचीन तमिळ काव्यात युद्धावर गेलेल्या पतीची धीराने वाट पाहणाऱ्या पत्नीच्या भावनेला याच फुलाचे नाव दिले आहे. आम्हा फौजी घरांतल्या मुलांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, झाडाचा कोणता भाग वापरायचा. जखमेसाठी आयुर्वेदाने जाईचे फूल नव्हे, पाने घेतली आहेत. जात्यादि तेलाची कृती शार्ङ्गधर संहितेत आहे. जाईच्या पानांबरोबर कडुनिंब, हळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, मेण आणि मोरचूद असे पदार्थ त्यात येतात. मोरचूद विषारी असल्यामुळे हे तेल फक्त बाहेरून लावायचे असते, तेही वैद्यांना विचारून. तोंड आले की जाईची कोवळी पाने चावून थुंकून टाकण्याची रीत आजीच्या माहेरी होती.

मोगऱ्याच्या फुलाचा एक उपयोग मात्र दवाखान्यात तपासला गेला आहे. बाळंतपणानंतर काही कारणाने दूध थांबवावे लागले, तर आईच्या छातीवर मोगऱ्याची फुले बांधण्याची दक्षिण भारतात जुनी रीत आहे. वेल्लोरच्या डॉक्टरांनी ही रीत ब्रोमोक्रिप्टिन या औषधाशी ताडून पाहिली आणि १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दोन्हींनी कमी झाले, औषधाने जास्त. पण दूध आणि ठणका कमी होण्यात दोन्ही उपाय सारखेच ठरले. याचा अर्थ असाही होतो, की बाळाला पाजणाऱ्या आईने हा प्रयोग गंमत म्हणून करू नये.

तिसरी गोष्ट वासाची. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. खुडल्यावरही त्या वास तयार करत राहतात. म्हणून तांबरम स्टेशनबाहेर संध्याकाळी गजरे घेऊन बायका बसल्या, की लोकलमधून उतरणाऱ्यांना आधी वास येतो आणि मग टोपली दिसते. गजरा तिथे ‘मुळम’वर मिळतो. मुळम म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. या वासात लिनालूल, बेंझिल ॲसिटेट, इंडोल असे अनेक घटक असतात. नाकातून निघालेला संदेश मेंदूतील भावना आणि आठवणींच्या भागांत फार लवकर पोचतो. वासाने मन पालटते ते यामुळे.

सुगंधी तेलांच्या उपचाराला ‘अरोमाथेरपी’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गातफोस यांनी दिले. त्यांचे त्या नावाचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. पण हा वास शांत करतो की तरतरी आणतो? जपानमध्ये २००५ साली छापलेल्या प्रयोगात मोगऱ्याने सुगंधित केलेल्या चहाच्या फिकट वासाने हृदयाचे ठोके मंदावले आणि मन शांत झाले. थायलंडच्या २०१० मधील प्रयोगात जास्मिनचे तेल त्वचेला लावल्यावर श्वास आणि रक्तदाब थोडा वाढला आणि लोकांना अधिक सावध वाटले. फूल कोणते, किती आणि कसे, यावर परिणाम बदलतो. दोन्ही प्रयोग निरोगी माणसांवर होते. त्यावरून कोणता आजार बरा होतो असे म्हणता येत नाही.

शुद्ध अर्क फार महाग असतो. जाईची हजार किलो फुले घेतली तर त्यातून जेमतेम अडीच-तीन किलो मेणासारखा अर्क निघतो, आणि तो गाळल्यावर आणखी कमी उरतो. त्यामुळे स्वस्त बाटलीत बहुधा कारखान्यातला वास असतो. अस्सल अर्कसुद्धा न मिसळता कातडीवर लावला तर काहींना पुरळ येते.

आमच्या घराजवळ सॅनेटोरियम नावाचे स्टेशन आहे. तिथे १९२८ मध्ये सुरू झालेले क्षयरोग्यांचे रुग्णालय आहे आणि २००५ मध्ये उद्घाटन झालेली राष्ट्रीय सिद्ध संस्थाही आहे. सिद्ध ही तमिळनाडूची जुनी वैद्यकपद्धती. तिचे शिक्षण तिथे पदवीनंतरही वर्षानुवर्षे चालते. मी मात्र बाटलीवरचा एक शब्द वाचून पाच मिनिटांत वैद्य झालो होतो.

आजोबा गेल्यापासून आजीला झोप लागत नाही. ती रात्री उशाशी वाटीभर मोगरा ठेवते. मी तिला विचारले, "याने झोप येते का गं?" ती म्हणाली, "झोप नाही येत. पण जागरण सोपं जातं." रक्तदाबाची गोळी ती रोज वेळेवर घेतेच.

क्रॉस कंट्रीच्या निवडीला मी पोचलो नाही. माझ्या जागी दुसरा धावला आणि आमचे हाउस तिसरे आले. या सत्रात पुन्हा टाच घासली, तेव्हा मी त्याच सकाळी सिक रिपोर्ट केला. एम.आय. रूममध्ये जखम धुऊन कोरडी पट्टी बांधली आणि पाच दिवसांत मी मैदानावर होतो.