मेंढा-लेखाचे परवाना-पुस्तक

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाचा सारा कारभार ग्रामसभेत, म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या सभेत चालतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा बंडाची म्हणून उद्धृत केली जाते. तिच्या पूर्वार्धात शासनाला दिलेली मान्यता मात्र सहसा नजरेतून सुटते. निर्णय सर्वसहमतीने होत असल्यामुळे एकाचाही विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. त्याचा खल आधी अभ्यास गटात होतो. तेथे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे अभ्यासकही बसत, परंतु निर्णय घेण्याची मुभा त्या गटाला नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे परंपरेने वापरातले जंगल राखण्याचा आणि त्यातील गौण वनोपज (लाकडाखेरीजची वनस्पतिजन्य उपज) विकण्याचा हक्क मिळाला. या कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला असूनही वन विभाग 1927 च्या भारतीय वन अधिनियमावर बोट ठेवून त्याला झाडच मानत होता, आणि माल जंगलाबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक परवाना, ज्याला व्यवहारात ‘टीपी’ म्हणतात, त्याच विभागाच्या हाती होता. टीपी नसलेल्या बांबूला व्यापारी हात लावत नाही, त्यामुळे हक्क पदरात पडूनही विक्री अडली. लोकसहभागावर पानेच्या पाने लिहिणारे नियोजनकार सही कोणाची, या प्रश्नाकडे क्वचितच वळतात; येथे तर सगळे घोडे त्या सहीपाशीच अडले होते.

27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांचा दीर्घ पाठपुरावा फळाला आला. त्यानंतर बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती केली आणि वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार देशभर ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवला.