चकतीला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं?

प्रशिक्षक बदलणं ही आइस हॉकीत नेहमीचीच बाब. पण १७ डिसेंबर २०११ रोजी माँट्रियल कॅनेडियन्सनं ऐन हंगामात रँडी कनीवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक नेमलं आणि गहजब उडाला. संघ हरत होता, पण राग त्याचा नव्हता. कनीवर्थ यांना फ्रेंच येत नव्हतं! माँट्रियल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे त्या क्युबेकच्या संस्कृतिमंत्र्यांनी तोंड घातलं, जानेवारीत चाहत्यांनी स्टेडियमबाहेर निदर्शनं केली. कायमस्वरूपी प्रशिक्षक निवडताना दोन्ही भाषा येतात का हे पाहिलं जाईल, असं मालक जेफ मोल्सन यांना जाहीर करावं लागलं. त्यानंतरचा प्रत्येक मुख्य प्रशिक्षक फ्रेंच बोलणारा आहे.

बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. पण तिथे सामना संपला की प्रशिक्षकावर दोन भाषांत प्रश्न येतात. ‘ला प्रेस’ आणि ‘ज्युर्नाल द माँट्रियल’ फ्रेंच, ‘गॅझेट’ इंग्रजी, शिवाय आरडीएस ही फ्रेंच क्रीडावाहिनी. उत्तरं फक्त इंग्रजीत आली, तर फ्रेंच वाचकाला आपल्याच संघाबद्दल भाषांतर वाचावं लागणार.

या दुखण्याला जुनं मूळ आहे. ५० सामन्यांत ५० गोल करणारा कॅनेडियन्सचा मोरिस रिशार हा फ्रेंच कामगारवस्तीचा देव. १९५४ मध्ये त्याच्या नावानं एका साप्ताहिकात सदर येई. त्यात त्यानं लीगचे इंग्रजीभाषक अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांना हुकूमशहा म्हटलं. सदर बंद झालं, वर हजार डॉलरची अनामत ठेवावी लागली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बोस्टनला पंचावर हात उगारल्याबद्दल कॅम्पबेलनी त्याला उरलेल्या हंगामातून आणि प्लेऑफमधूनही बाद केलं. १७ मार्चला हे गृहस्थ खुशाल सामना पाहायला आले! अश्रुधूर, अर्धवट सोडलेला सामना, सेंट कॅथरिन रस्त्यावर फुटलेली दुकानं. दुसऱ्या दिवशी रिशारनं माइकसमोर बसून फ्रेंचमध्ये शांततेचं आवाहन केलं, तेव्हा कुठे शहर निवलं.

मला मात्र या दंगलीपेक्षा रने लकाव्हालिये यांचं काम मोठं वाटतं. ११ ऑक्टोबर १९५२ रोजी कॅनडात आइस हॉकीचा सामना पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, तो फ्रेंचमध्ये, आणि समालोचक होते लकाव्हालिये. खेळाची सगळी भाषा तोवर इंग्रजी. फ्रेंच माणूसही चकतीला ‘पक’च म्हणे. त्यांनी ‘राँदेल’ म्हटलं. जोरदार फटक्याला, म्हणजे स्लॅप शॉटला, ‘लान्से फ्रापे’. नुसता शब्दकोश छापून हे रुजलं नसतं. शनिवारी रात्री, श्वास रोखलेल्या क्षणी ते कानावर पडत गेलं. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॅनेडियन्सनी लीगचं अजिंक्यपद असलेला स्टॅन्ली कप २४ वेळा जिंकला, पण शेवटचा १९९३ मध्ये. तेव्हाचे प्रशिक्षक जाक देमेर दोन्ही भाषांत दिलखुलास बोलत, पत्रकारांचे लाडके. पुढे ते टीव्हीवर विश्लेषकही झाले. २००५ मध्ये मारियो लेक्लेर या क्रीडा पत्रकारानं त्यांचं चरित्र लिहिलं, तेव्हा उलगडा झाला: देमेर यांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं. कप जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीचे मथळेही त्यांनी नुसते पाहिलेच असणार.