श्रोता घडवणारी सकाळ

फेब्रुवारी १९३८. सुरत जिल्ह्यात, बारडोलीच्या बाजूला तापीकाठी वसलेल्या हरिपुरा गावी काँग्रेसचे एकावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. बांबू आणि चटयांचे ‘विठ्ठलनगर’ उभे राहिले. नंदलाल बोस यांनी सहकाऱ्यांसह ढोलकरी, सुतार, कुंभार, दळणारी बाई अशी गावातलीच माणसे रंगवली आणि ती चित्रे येण्या-जाण्याच्या वाटेवर लावली. शेतकऱ्याला चालता चालता चित्र दिसावे, हा त्यामागचा गांधीजींचा विचार होता.

त्याच हरिपुऱ्यात, अधिवेशन सुरू होण्याआधीच, ६ फेब्रुवारीला एका मराठी गवयाचे निधन झाले. त्यांचे नाव पंडित नारायण मोरेश्वर खरे. ते तासगावचे आणि विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गांधीजींनी आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा पलुस्करांनी खऱ्यांना पाठवले. १९१८ पासून त्यांनी साबरमतीच्या प्रार्थनेला सूर दिला, अनेक भाषांतली पदे गोळा करून ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली आणि १९३० मध्ये दांडीयात्रेत ते पायी चालले. सुरांची जाण असलेल्याला आणि नसलेल्याला एकाच ओळीत बसवून गायला लावणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते.

नंदलालांची चित्रे आज कलेच्या इतिहासात सन्मानाने नोंदली गेली आहेत. खऱ्यांचे काम तितके दिसत नाही, कारण ते ऐकणाऱ्यांच्या कानांत होते. हिवाळ्यातल्या संगीत महोत्सवांबद्दल आणि त्यांच्या मोफत कार्यशाळांबद्दल लिहायला बसलो की मला पहिल्यांदा खरेच आठवतात. महोत्सवाचे यश संध्याकाळच्या गर्दीवरून मोजले जाते. पण ती गर्दी जाणकार कशी होते, याचे उत्तर सकाळच्या छोट्या, विनामूल्य बैठकीत असते, असे माझे ठाम मत आहे.

बडोद्याहून पुण्याकडे

गुजरात आणि मराठी मुलूख यांच्यातली सुरांची ये-जा जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली. गाणे दरबाराबाहेर पडून फळ्यावर आणि पुस्तकात आले. त्याच बडोद्यात १९१६ मध्ये विष्णु नारायण भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. दरबारात काही काळ गायलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेला स्थिरावले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरूच्या स्मरणार्थ भीमसेनांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला उत्सव आज डिसेंबरातला ‘सवाई’ म्हणून घरोघरी ठाऊक आहे.

या ‘सवाई’ला दोन धाकटी भावंडे आहेत. ‘षड्ज’मध्ये संगीतकारांवरचे लघुपट दाखवतात, ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. दोन्ही कार्यक्रम शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात दिवसा होतात आणि प्रवेश विनामूल्य असतो. ज्याचे गाणे संध्याकाळी हजारोंच्या गर्दीत लांबून ऐकायचे, तो गवई इथे चार हातांवर बसून सांगतो, की गुरूने एकच पलटा किती दिवस घोटून घेतला, एखादी बंदिश कुणाकडून मिळाली, आवाज बसला तेव्हा काय केले. संध्याकाळी मांडवात त्याच्या त्या जागेवर ‘वा’ निघते, ती सकाळच्या ऐकण्यातून आलेली असते.

चेन्नईत हीच गोष्ट फार शिस्तीने चालते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक ॲकॅडमीच्या डिसेंबर मोसमात सकाळी सप्रयोग व्याख्याने होतात. एक विद्वान एखादा राग, एखादा रचनाकार किंवा तालाचे एखादे अंग घेतो, गाऊन दाखवतो, आणि समोर बसलेले बुजुर्ग त्यावर प्रश्न विचारतात. जालंधरच्या हरवल्लभ संमेलनाची परंपरा १८७५ पासूनची. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीतही तिथे प्रवेश सर्वांना खुला असतो. ग्वाल्हेरचा तानसेन समारोहही तसाच खुला. आणि मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गवई सेवा म्हणून गातात, मंडळी चिंचेखाली बसून ऐकतात.

गुजरातचा मोठा हिवाळी उत्सव म्हणजे अहमदाबादचा ‘सप्तक’. तबलावादक नंदन मेहता आणि सतारवादक मंजू मेहता यांनी १९८० मध्ये आधी संगीतशाळा काढली, पंडित रविशंकरांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले; १ ते १३ जानेवारीचा महोत्सव त्या शाळेच्या आधाराने वाढला. आधी शिकवणे, मग मिरवणे, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

कार्यशाळेत नेमके काय करायचे

अनेक ठिकाणी ‘कार्यशाळा’ म्हणून दोन तासांचे भाषण होते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. त्याने कान तयार होत नाही. चांगली कार्यशाळा तंबोऱ्यापासून सुरू होते. चार तारा: पहिली पंचमाची (रागानुसार मध्यम किंवा निषाद), मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला की जवारी खुलते आणि एका तारेतून अनेक स्वर ऐकू येऊ लागतात. हे पाच मिनिटांचे काम मुलांच्या डोळ्यांसमोर करावे. धागा काढला की आवाज कोरडा पडतो, घातला की भरतो. स्वर म्हणजे काय याचे इतके थेट उत्तर कुठल्याही व्याख्येत नाही. तंबोरा मिरजेचा असेल तर त्याची गोष्टही सांगावी: पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, सतारमेकरांच्या पिढ्या, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला मिळालेले भौगोलिक मानांकन.

दुसरी पायरी हातावरच्या तालाची. तीनतालाच्या सोळा मात्रा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्यावर खाली. सगळ्यांनी मिळून टाळी धरली आणि तबलजीने ठेका लावला, की थोड्याच वेळात सम कुठे येते ते अंगाला कळू लागते. मग गवयाने एक छोटी बंदिश गायची, आणि ऐकणाऱ्यांनी फक्त सम पकडायची. हे जमले, की मोठ्या मैफलीत ख्याल ऐकताना माणूस हरवत नाही. विलंबित एकतालातही तो धीर धरून समेची वाट पाहतो.

तिसरी पायरी रागाची. सुरतच्या मुलाला नवीन काही शोधून द्यायला नको. नरसिंह मेहतांचे ‘वैष्णव जन तो’ त्याला पाठ असते. प्रचलित चाल खमाजच्या अंगाची आहे. खमाजात वर जाताना शुद्ध निषाद लागतो, उतरताना कोमल. मुलांना ओळखीच्या चालीत ते दोन निषाद शोधायला लावावेत. ज्याने आपल्या पाठ भजनात कोमल निषाद स्वतः हुडकला, त्याला ठुमरीतला खमाज परका वाटत नाही.

यातल्या कशालाही महागडी साधने लागत नाहीत. एक तंबोरा, एक तबलाजोडी, एक पेटी, सतरंजी आणि शिकवण्याची हौस असलेला कलाकार पुरतो. १९७७ मध्ये किरण सेठ यांनी सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ने देशभरातल्या शाळा-कॉलेजांतून हेच केले: नामांकित कलाकार विद्यार्थ्यांपुढे बसवला, त्याला गायला आणि बोलायला लावले.

सकाळचे राग परत मिळवायचे

छोट्या बैठकांच्या बाजूने आणखी एक भक्कम कारण आहे. जुने महोत्सव रात्रभर चालत. पहाटे ललत, मग तोडी, मग उजाडल्यावर देसकार किंवा अल्हैया बिलावल ऐकून माणसे घरी जात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून उघड्या मांडवात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. नियम योग्यच आहे. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवी. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की आपले ऐकणे यमन, मारवा, पूरिया, बागेश्री, मालकंसाभोवती फिरू लागले. सकाळचे राग तरुण श्रोत्याच्या कानावर प्रत्यक्ष मैफलीत क्वचितच पडतात.

सकाळी आठ-नऊला, ध्वनिक्षेपकाशिवाय किंवा अगदी माफक ध्वनिक्षेपकावर, साठ-सत्तर माणसांत झालेली बैठक ही उणीव भरून काढते. तिथे आवाजाची खरी जात कळते, श्वास ऐकू येतो, तबल्याच्या चाटेचा नाद आणि बायाँची घुमार वेगवेगळी उमटते. गवयालाही समोरचा चेहरा दिसतो आणि तो एखादी अनवट बंदिश काढायला धजावतो. नव्या कलाकाराला तर अशीच जागा हवी. हजारोंपुढे पंचेचाळीस मिनिटे मिळाली तर तो जोखीम घेत नाही. साठ जणांपुढे दीड तास मिळाला तर राग मांडून पाहतो.

सुरतच्या मराठी वस्त्यांत

आता सुरतकडे येतो. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे तापीखोऱ्याच्या रेल्वेने आली आणि कापडधंद्यात रुजली. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही चालतात. श्रावणात कानबाईची गाणी होतात, हिवाळ्यात हरिनाम सप्ताह बसतात. ही माणसे सुरांपासून दूर आहेत असे जे समजतात, त्यांनी एकदा इथल्या भजनी मंडळात बसावे. आठ मात्रांचा भजनी ठेका इथल्या पोराच्या हातात आपसूक असतो. नवरात्रात गरब्याला जाऊन त्याने सहा मात्रांचा हिंचही अंगात मुरवलेला असतो. दोन भाषांचे आणि दोन चालींचे हे भांडवल कुठल्याही संगीतवर्गाला हेवा वाटावा असे आहे.

अंतर आहे ते सभागृहाच्या पायरीचे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला माणूस रात्री गाव ओलांडून अडाजण-पालच्या बाजूला महोत्सवाला जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रवेशिका मोफत असली तरी रिक्षाचे भाडे, मुलांचे जेवण आणि ‘आपल्याला यातले काय कळते’ ही धास्ती, हे तीन खर्च उरतातच. म्हणून बैठकच वस्तीत गेली पाहिजे. सुट्टीच्या सकाळी मराठी शाळेचा एक वर्ग, गणेश मंडळाची खोली किंवा विठ्ठलमंदिराचा सभामंडप पुरेसा आहे. आधी स्थानिक भजनी मंडळाने एक अभंग म्हणावा, मग पाहुण्या गवयाने त्याच चालीतला राग उलगडून दाखवावा. असे झाले की शिकवणारा वर आणि ऐकणारे खाली, ही मांडणी राहत नाही; मृदंगवाला आणि तबलजी एकमेकांचे बोल विचारू लागतात.

थंडीचा मोसम यासाठी उत्तम. तापीकाठी पोंक विकायला येतो, घरोघरी उंधियूचा बेत ठरतो, पाहुण्यांची ये-जा असते. उत्तरायणात पतंगांसाठी अख्खे शहर गच्चीवर जाते. त्याआधीच्या दोन-तीन रविवारी सकाळी गाण्याला जागा आहे.

पैशाचाही विचार करायला हवा, कारण विनामूल्य म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. कलाकाराला आणि साथीदारांना मानधन मिळालेच पाहिजे. ‘प्रसिद्धी मिळेल’ म्हणून कुणाला फुकट बसवू नये. पण मोठ्या महोत्सवासाठी पाहुणे गावात आलेलेच असतात, त्यांचा प्रवास आणि मुक्काम ठरलेला असतो. त्यात एक सकाळ जोडण्याचा वाढीव खर्च रंगमंचाच्या फुलांपेक्षा आणि रोषणाईपेक्षा फारसा जास्त नाही. सुरतच्या कापड आणि हिरे व्यापाऱ्यांच्या दातृत्वावर शाळा आणि दवाखाने उभे आहेत. त्यांच्यापुढे ही मागणी ठेवायला संकोच नको.

१९३१ मध्ये पलुस्करांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षांना आजही दोन्ही राज्यांतली मुले बसतात. परीक्षांनी गाणारे घडले. ऐकणाऱ्यांसाठी तशी घडी बसवणे राहून गेले आहे, आणि ऐकणारे नसतील तर अलंकार होऊन बाहेर पडलेली मुलगी कुणापुढे गाणार?

यंदाच्या हिवाळ्यात महोत्सव भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझी एक विनंती आहे. निमंत्रणपत्रिकेवर संध्याकाळच्या नामवंतांइतक्याच ठळक अक्षरांत सकाळच्या कार्यशाळेची वेळ आणि वस्तीतला पत्ता छापा. ती पत्रिका गुजरातीत आणि मराठीत काढा आणि शाळेच्या फाटकावर लावा. पुढच्या वर्षी त्याच शाळेत परत जा, त्याच मुलांना पुढचा ताल शिकवा. खऱ्यांनी आश्रमात रोज दोन वेळा न कंटाळता हेच केले होते, आणि त्यांच्या कामाची शेवटची जागा याच जिल्ह्यात आहे.