माणात दहा एकर, की इथं दोन?

आमच्या पुतण्यानं दिवाळीत विषय काढला. "काका, इथली दोन एकर बागायत विकू. तेवढ्या पैशात माण तालुक्यात दहा एकर मिळंल. दाणा, दूध, भाजी घरचंच. बाजारच नको." दोन एकरांत निम्मी वाटणी माझी, म्हणून हिशेब मलाच मांडावा लागला.

आपला सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला 200 इंचांवर पाऊस आणि माणात जेमतेम 20 इंच. एका एकरावर एक इंच पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. म्हणजे 20 इंच काही थोडा नव्हे! पण तो वेळेवर पडत नाही, आणि उथळ मुरमाड रानात ठरत नाही.

पाच माणसांच्या घराला वर्षाला सात-आठ क्विंटल धान्य लागतं. कोरडवाहू बाजरी बऱ्या वर्षी एकरी तीन-चार क्विंटल धरा. म्हणजे अडीच एकरांत पोट भागतं. पण पाऊस हुकला की तेच शून्य. म्हणून माणात राहायचं तर दोन वर्षांचा दाणा घरात हवा. जनावराचं त्याहून अवघड. एका गाईला रोज सहा-सात किलो वाळला चारा म्हटलं तरी वर्षाला 25 क्विंटल कडबा. 1972 साली माणसं खडी फोडायला गेली, तर 2012-13 ला तिथं चारा छावण्या उघडाव्या लागल्या. दुधाचं स्वप्न आधी गोठ्यात मोडतं.

उरमोडीचं पाणी माणातल्या काही गावांत पोचलं आहे, हे खरं. पण तालुक्यात पाणी आलं म्हणजे आपल्या गटात आलं असं नव्हे. दलाल श्रावणात हिरवं रान दाखवतो. आपण वैशाखात जावं, शेजारच्या चार विहिरींत डोकावावं, आणि पाणी कुठून आणता हे गड्यांना न विचारता बायकांना विचारावं. सातबारावर "इतर हक्क" वाचावेत, विहिरीत हिस्सा किती आणि किती जणांचा ते बघावं. वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, तेही.

आणि इथला ऊस गेला तर कारखान्याच्या उत्पादक सभासदत्वाचंही विचारावं लागेल. शेअर आमच्या थोरल्या बंधूंच्या काळातला आहे.

खरं तर लाज वाटायची गोष्ट दुसरीच. बारमाही पाणी असून आम्ही ज्वारी, डाळ, मिरची सगळं विकत आणतो. बांधापर्यंत ऊस! कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांत कुटुंबाचं भागवायचा हिशेब मांडला होता. तो सगळा जमेल असं मी म्हणत नाही. पण विहिरीजवळचे दहा गुंठे यंदा खोडव्याला न ठेवता मोडायचे ठरलंय. दीड गुंठा भाजी, बाकी शाळू आणि हरभरा. घरातल्या बायकांनी बी आधीच काढून ठेवलंय.

पुतण्या अजून माणाचं नाव सोडत नाही. वैशाखात दोघं एस.टी.नं दहिवडीला जाणार आहोत. विहिरीची खोली मोजायला दोर मी बरोबर घेतोय.