विश्लेषण : पाळीव अजगराने खाणे सोडले… आजार की निसर्गक्रम?

कुत्र्याने दोन दिवस जेवण टाळले, तर घरात काळजीचे वातावरण पसरते. मग अजगराने दोन महिने काहीच खाल्ले नाही तर? जगभरात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये गणल्या जाणाऱ्या ‘बॉल पायथन’च्या मालकांना हा प्रश्न हमखास पडतो. बहुतेक वेळा हा उपवास निरुपद्रवी असतो; पण काही वेळा ती गंभीर आजाराची पहिली खूण असते. हा फरक कसा ओळखायचा?

बॉल पायथन म्हणजे कोणता अजगर?

हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत आली आहे. घाबरला की डोके आत घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये त्याला ‘रॉयल पायथन’ म्हणतात. पूर्ण वाढ झालेला साप साधारण तीन ते पाच फूट लांब असतो. माद्या नरांपेक्षा मोठ्या. तो विषारी नाही. नीट सांभाळ झाल्यास २० ते ३० वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या मादीने २०२०मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, अंडी घातली होती.

इतके दिवस उपाशी कसा राहू शकतो?

सापाचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे त्याचा खर्च अत्यल्प. शिवाय अजगर बसून शिकार करणारा प्राणी आहे. भक्ष्य मिळेल तेव्हा पोटभर खायचे आणि मधल्या काळात पचनसंस्था जवळपास बंद ठेवायची, ही त्याची रीत. बर्मी अजगरावरील संशोधनात असे दिसले, की मोठे भक्ष्य गिळल्यावर चयापचयाचा वेग चाळीस पटींहून अधिक वाढू शकतो आणि दोन दिवसांत हृदयाचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. पचन संपले की सारे पुन्हा पूर्ववत. म्हणूनच सुदृढ, प्रौढ बॉल पायथन काही महिने न खाताही तग धरतो. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे एवढी शिल्लक नसते.

खाणे थांबवण्याची नेहमीची कारणे कोणती?

पहिले कारण तापमान. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी, म्हणजे साप गरजेनुसार जागा बदलतो. पुरेशी ऊब नसेल तर पचन होत नाही. पोटातले भक्ष्य कुजू लागते आणि साप ते उलटून टाकतो. त्यामुळे थंडीत खाणे नाकारणे हा त्याचा शहाणपणा असतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिकला रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा थर्मोस्टॅट नसलेल्या पेटीत हेच घडते.

दुसरे कारण कात. कात टाकण्याच्या आधी रंग फिका पडतो, डोळे दुधाळ-निळसर होतात आणि नजर धूसर होते. या आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक साप खात नाहीत. एरवी ५० ते ६० टक्के असलेली आर्द्रता या काळात ७० टक्क्यांच्या आसपास न्यावी, म्हणजे कात अखंड निघते.

तिसरे कारण विणीचा हंगाम. साधारण नोव्हेंबर ते मार्चदरम्यान प्रौढ नर मादीच्या शोधात असतात आणि खाण्याकडे पाठ फिरवतात. गाभण माद्याही खाणे सोडतात. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने काढते.

चौथे कारण ताण. नवे घर, सतत हाताळणी, लपायला जागा नसलेली मोठी काचपेटी, घरातला गोंगाट. निसर्गात हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात दडून राहतो. त्यामुळे उबदार आणि थंड अशा दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसेल अशी एकेक लपण्याची जागा हवीच. नवा साप आणल्यावर किमान आठवडाभर त्याला हात लावू नये.

अचानक जास्त फिरू लागला तर?

बॉल पायथन निशाचर आहे. संध्याकाळनंतर फिरणे, जीभ लपलपवणे, बिळातून डोके काढून तासन् तास थांबणे ही नेहमीची वागणूक. मात्र दिवसाढवळ्या सतत येरझारा, काचेवर नाक घासणे, झाकण ढकलणे दिसले तर पेटी फार तापली आहे का, लपण्याची जागा अपुरी आहे का, साप भुकेला आहे का, हे पाहावे. विणीच्या काळात नरही असेच अस्वस्थ होतात. पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसणे म्हणजे बहुधा उष्णता जास्त, हवा कोरडी किंवा अंगावर माइट नावाच्या बारीक किडी. पाण्यात काळे ठिपके तरंगताना दिसले, तर संशय पक्का समजावा.

‘साप मालकाशेजारी लांब पसरतो, म्हणजे गिळण्यासाठी माप घेतो’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश निव्वळ भाकड आहे. साप भक्ष्याचे असे माप घेत नाहीत.

घरी काय करावे, काय टाळावे?

- आधी दोन्ही बाजूंचे तापमान डिजिटल मापकाने तपासा; हाताने अंदाज घेऊ नका.
- गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, रात्री चिमट्याने द्या. या सापाच्या ओठांवरील खळगे उष्णता टिपतात. थंड भक्ष्य त्याला भक्ष्य वाटतच नाही.
- नाकारले तर रोज डिवचू नका. सात ते दहा दिवसांनी पुन्हा द्या.
- भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नसावे. पिल्लांना पाच ते सात दिवसांनी, प्रौढांना दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरते.
- जिवंत उंदीर पेटीत सोडून जाऊ नका. न खाणाऱ्या सापाला तो कुरतडून जखमी करतो.
- खाल्ल्यावर ४८ तास हाताळू नका.
- जबरदस्तीने भरवू नका आणि दूध तर मुळीच देऊ नका. साप दूध पचवू शकत नाही.

पशुवैद्याकडे कधी न्यावे?

दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजणे महत्त्वाचे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर दोन आठवड्यांनी वजन करून, जेवणाच्या आणि कातीच्या तारखांसह ते वहीत लिहावे. वजन स्थिर असेल आणि साप तजेलदार असेल तर वाट पाहता येते. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, पाठीचा कणा वर दिसू लागला किंवा पिल्लाने सलग तीन-चार वेळा भक्ष्य नाकारले, तर थांबू नये. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, घरघर, नाकातून बुडबुडे ही श्वसनसंसर्गाची चिन्हे आहेत. लाल हिरड्या व तोंडातील पांढरट पू, वारंवार उलटी, मान आकाशाकडे वळून राहणे ही लक्षणेही तातडीची. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच पशुवैद्य गाठावा.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्या रानातला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पाळणे, पकडणे, विकणे गुन्हा आहे. घरात-शेतात आढळल्यास महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन विदेशी असला, तरी तो आंतरराष्ट्रीय ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर आलेल्या २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. कागदपत्रांविना साप घेणे म्हणजे तस्करीला हातभार लावणे. कागद नसलेला साप आजारी पडला, की मालक पशुवैद्याकडे जायला कचरतो. त्या भीतीची किंमत शेवटी सापच मोजतो.